हुरड्याचा संयोजक

प्रौढ वयातील मैत्री भांडणाने तुटते असा सार्वत्रिक समज असला, तरी छत्रपती संभाजीनगरात ती बहुधा ‘बघू, कळवतो’ एवढ्यावर, कोणाचेही मन न दुखावता संपते. आणि ती संपू न देण्याचा विडा जो स्वयंनियुक्त गृहस्थ उचलतो, त्यास ‘संयोजक’ म्हणतात. औरंगपुऱ्यातील सरस्वती भुवन महाविद्यालयातून नव्वदीच्या दशकात बाहेर पडलेल्या एखाद्या बॅचमधील निम्मे लोक पुण्यास, काही परदेशी आणि उरलेले वाळूजच्या कारखान्यांतील पाळ्यांमध्ये विखुरले असता हा एकटाच गुलमंडीच्या आसपास राहिलेला असतो, आणि त्यामुळे त्याला काही काम नसावे असे बाकीचे प्रेमाने धरून चालतात.

त्याचा मुख्य हंगाम डिसेंबर-जानेवारीचा. ज्वारीचे कणीस दाणा भरलेला पण कोवळा असतानाच गोवऱ्यांच्या आरात भाजून, हातावर चोळून खातात तो हुरडा. दाणा टणक झाला की तो संपतो, म्हणजेच ‘पुढच्या महिन्यात बसू’ ही पळवाट निसर्गानेच बुजवलेली असते, हे संयोजकाने अचूक हेरलेले असते. दौलताबादच्या वाटेवरचे कोणाचे तरी शेत ठरवणे, वर्गणी मागणे, ती न आल्यास स्वतः भरणे आणि त्याविषयी पुन्हा अवाक्षर न काढणे ही कामे त्याच्याकडे असतात. ‘निघूच लागलो’ असे सांगणारा मित्र अद्याप आंघोळीलाही गेलेला नसतो हे जाणून तो मुळातच दोन तास अलीकडची वेळ कळवतो. २०२३ साली शहराचे नाव अधिकृतपणे बदलल्यावर व्हॉट्सॲपवरील ग्रुपच्या नावातील गावाचे काय करायचे यावरून पेटलेले वाद अशाच कोणा संयोजकाने ग्रुपचे नाव नुसते ‘हुरडा’ ठेवून मिटवलेले असतात.

कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांच्या २०१८ सालच्या अभ्यासानुसार जिवलग मैत्री जुळण्यास सोबत घालवलेले २०० हून अधिक तास लागतात. महाविद्यालयीन वयात चहाच्या टपरीवर एका सत्रात सहज जमणारे हे तास वर्षाकाठी सहा तासांच्या हुरड्यातून जमवायचे, तर ३३ वर्षेही अपुरी पडतील. तेव्हा पन्नाशीत नवा मित्र करण्यापेक्षा जुना राखणे स्वस्त, हा संयोजकाचा व्यवहार शास्त्रालाही धरून आहे. (इतके करूनही तो स्वतः सहसा कोणाचाच जिवलग नसतो, ज्या दोघांचे रोज फोनवर बोलणे होते त्यांना संयोजक लागत नाही, आणि हुरड्याला दांडीही नेमकी तेच मारतात.)

पुढे शेतातील छायाचित्रे ग्रुपवर पडली, की न आलेलेच ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ असे लिहितात. संयोजक आपला महिन्यापूर्वीचा संदेश त्यांना दाखवत नाही, पुढच्या वर्षीच्या यादीत त्यांची नावे तेवढी सर्वांत वर घालतो.