फोटो कशाचा, पंचनाम्याचा का?

परभणी जिल्ह्यात गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडणारा माणूस चौघांपैकी एक असतो: लग्नाचा फोटोग्राफर, पेपरवाला, पीकविम्याचा माणूस, नाही तर महामार्गासाठी जमीन बघायला आलेला साहेब. स्वतःचं पेट्रोल जाळून रविवारी कुणी उगाच खांबांचे आणि बैलांचे फोटो काढत फिरतं, यावर आमच्याकडे कुणी विश्वास ठेवत नाही. घरचेही ठेवत नाहीत. मी बॅग खांद्याला लावली की आई विचारते, 'आज कुणाचं लग्न?'

कॅमेरा घरात आणला काकांनी. 1980च्या दशकात हॉट शॉट नावाचा प्लास्टिकचा कॅमेरा मध्यमवर्गीय घरांत शिरला, त्यातला एक आमच्याकडे आला. रोल 36 फोटोंचा. रोल महाग, धुलाई महाग, म्हणून काका श्वास रोखून फोटो काढायचे आणि समोरच्यांनाही रोखायला लावायचे. एक रोल पुरवून पुरवून वर्षभर चाले. तो धुऊन आला की एकाच पाकिटातून दिवाळी, आत्याचं डोहाळजेवण, गंगाखेडच्या घाटावरचा आजोबांचा दहावा आणि उरुसातलं विमान असं सगळं लागोपाठ निघायचं.

विमान अर्थात पुठ्ठ्याचं. हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस परभणीत फेब्रुवारीत भरतो. मोबाइल नव्हते तेव्हा तिथल्या फोटोच्या तंबूत बसून अर्धी परभणी वैमानिक होऊन गेली. आजीचा त्या विमानातला फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे. डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी, पिशवीतून बाहेर आलेली कोथिंबीर, आणि 'हे मधे कुठं थांबतं का?' असा चेहरा. त्याच्याइतका चांगला फोटो आमच्या घराण्यात नंतर कुणाचा निघाला नाही. विमानतळावर खऱ्या विमानासमोर काढलेले धरून.

एखादा फोटो बिघडलाच तर काका शांतपणे म्हणत, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' ही म्हण महाराष्ट्रभर आमच्या तोंडावर फेकली जाते. आम्ही ती डोळे मिटलेल्या पाहुण्यांसाठी वापरून घेतली.

तर असाच एका रविवारी मी फोटो काढायला चारठाणा गावाला निघालो. परभणीहून झरी, बोरी करत जिंतूर आणि तिथून जालन्याच्या रस्त्याला पुढे. जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरात जैन लेणी आहेत. दारं इतकी बुटकी, की आधी कॅमेऱ्याची बॅग आत सरकवायची आणि मग आपण वाकून जायचं. भगवंतापुढे नम्र व्हायला याहून खात्रीचा उपाय मी पाहिलेला नाही. चारठाण्यात मात्र सगळं उघड्यावर: गावभर विखुरलेली जुनी देवळं, बारव आणि आभाळात गेलेला दगडी स्तंभ. खालून वर नक्षी बघत गेलं की मान दुखते. मी गुडघ्यावर बसून तो अख्खा चौकटीत बसवत होतो, एवढ्यात मागून आवाज आला.

'काय करायलात?'

'फोटो काढायलोय, मामा.'

'कशाचा?'

'खांबाचा.'

'का? काय झालं खांबाला?'

'काही झालं नाही.'

'मग काढायलात कशाला?'

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामांकडे होतं. त्यांनी पोराला हाक मारली, 'पंचनामेवाले आलेत रे, सोयाबीनचं सांग त्यांना!' सप्टेंबर अखेर होती, पावसानं शेंगा काळ्या पडल्या होत्या. नुकसान झाल्यावर 72 तासांत कळवायचं असा तेव्हा विम्याचा नियम होता. त्या 72 तासांत गावात कॅमेरा घेऊन येणारा माणूस हौशी असूच शकत नाही. मी पुष्कळ समजावलं. मामांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि निरोप देताना म्हणाले, 'ते समदं खरं हो. पण पैसे कधी पडतील?'

एके काळी याच मुलखात फोटो काढणाऱ्याला केवढा मान होता! परभणी निजामाच्या राज्यात होती आणि सहाव्या निजामानं आपले छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला होता. मला आजवर मिळालेला किताब 'विमेवाला'.

सेलू तालुक्यातल्या वालूरला तेवढा जरा निवांतपणा मिळाला. तिथली बारव चक्राकार आहे. पायऱ्या फिरत फिरत पाण्यापर्यंत उतरतात. बरीच वर्षं ती गाळानं आणि कचऱ्यानं बुजलेली होती, गावकऱ्यांनी उपसली. पुढे टपाल खात्यानं महाराष्ट्रातल्या बारवांची चित्रपोस्टकार्डं काढली, त्यांत वालूर आली. त्यामुळे इथल्या पोरांना फोटोचं कौतुक नाही, पण फोटो कुठून काढायचा हे पाठ आहे. 'काका, इथून नाही, तिकडून गोल येतो,' असं म्हणत त्यांनी मला काठाकाठानं पूर्ण फिरवलं. जागा अगदी बरोबर निघाली. मग सगळी पोरं धावत जाऊन पायऱ्यांवर ओळीनं उभी राहिली आणि दोन बोटं वर केली. माझ्याकडच्या वालूरच्या एकाही फोटोत बारव एकटी नाही. मला ते आवडतं. रिकामी बारव पोस्टकार्डावर आहेच.

येताना धुऱ्यावर एक दादा फोन उंच धरून गोल फिरत होते. वाटलं, चला, आपल्या जातीचा भेटला. ते ई-पीक पाहणी करत होते. 15 ऑगस्ट 2021 पासून शेतकऱ्यानं स्वतःच्या गटात उभं राहून पिकाचा फोटो अ‍ॅपवर चढवायचा आणि मग ते पीक सातबाऱ्यावर लागायचं, अशी पद्धत राज्यभर सुरू झाली. म्हणजे बघता बघता महाराष्ट्रातला प्रत्येक खातेदार छायाचित्रकार झाला, तोही अक्षांश-रेखांशासकट. दादांना रेंज नव्हती. मी गाडी लावली, माझ्या मोठ्या लेन्सनं त्यांच्या तुरीचा फोटो काढला. मावळतीचं ऊन पानांवर पडलेलं. फोटो सुरेख आला.

त्यांनी स्क्रीनवर नीट निरखून पाहिला. 'चांगला हाय,' म्हणाले, 'पण खाली पत्ता येईना याच्यात.'

पत्ता नाही म्हणजे पुरावा नाही. अर्ध्या तासानं बांधाच्या एका कोपऱ्यात रेंज आली आणि त्यांचा फोटो चढला: तिरपा, धूसर, एका बाजूला त्यांचंच बोट. सरकारदरबारी तो मंजूर आहे.

तेव्हा ज्यांची ई-पीक पाहणी राहिली असेल, त्यांनी मुदत बघून ती उरकून घ्यावी. मला बोलवू नये. अ‍ॅप माझ्या कॅमेऱ्याचे फोटो घेत नाही. आणि पैसे कधी पडतील, ते मलाही माहीत नाही.