खट्ट की खड्ड?

मला यंत्राचं दुखणं नुसत्या आवाजावरून कळतं. हे वाक्य मी घरात इतक्या वेळा ऐकवलंय, की हल्ली मिक्सर बिघडला तरी बायको मला न सांगता परस्पर दुकानात नेते.

यंदा आमच्या ब्लॉकच्या कारखान्यातला छोटा लोडर वाजायला लागला. हा प्राणी कमरेत वळतो. पुढची आणि मागची चेसिस मधे वर एक, खाली एक अशा उभ्या पिनांवर जोडलेली. स्टिअरिंग फिरवलं की हायड्रॉलिक सिलेंडर त्या कमरेला दोन्ही बाजूंना चाळीसएक अंशांपर्यंत दुमडतात. खडीच्या ढिगात बकेट घुसवली की तिथून आवाज यायचा : खट्ट.

का खड्ड?

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळं निदान यावरच अवलंबून. खट्ट म्हणजे दोन घट्ट वस्तूंची एकदाच पडलेली गाठ; दार लागलं, कडी बसली. खड्ड म्हणजे मधे रिकामी जागा आहे. खडखड म्हणजे ती जागा आता कुणाच्या बापाला ऐकत नाही. करकर नव्या चपलेची, कुरकुर पाळण्याची आणि कोरड्या बुशची. (कुरकुर करणाऱ्याला वेळेवर तेल मिळालं नाही, की तो पुढे खडखडतो, हे संसारालाही लागू आहे, पण तो विषय नको.) घरघर बेअरिंगची. ती लागली की बेअरिंग असो वा माणूस, नातेवाइकांना कळवून टाकावं. एवढ्या मोठ्या गोतावळ्याला लोडरच्या मॅन्युअलात शब्द एकच : ‘असाधारण आवाज’. असल्या भाषेत कुणाला काय कळणार?

तर माझ्या कानांनी कौल दिला, ‘खट्ट’. म्हणजे स्टिअरिंगचे सिलेंडर. सीलकिट बदलले. आवाज तसाच. मग स्टिअरिंगचा व्हॉल्व्ह उघडून घेतला. आवाज तसाच, फक्त महाग झाला. शेवटी पॉलिटेक्निकच्या पदविकेला स्मरून चुंबकी स्टँडवाला डायल गेज आणला, कमरेपाशी लावला, फोटो जुन्या वर्गमित्रांना पाठवला. काटा चांगला दोन मिलिमीटर हलला. मी निदान केलं, की चुंबक कमजोर आहे.

मधल्या काळात आमचे ऑपरेटर मामा एकदा म्हणाले होते, “मालक, नाकासमोर चालत न्हाई. झुलतोय.” मी म्हणालो, “टायरची हवा बघा.” पुढच्या आठवड्यात लांबून पाहिलं, तर लोडर खरोखरच झुलत होता. मला भलतीच शंका आली. मामा माळकरी. तरीही मी काहीतरी विचारायच्या निमित्तानं केबिनपाशी गेलो आणि त्यांच्या तोंडाचा वास घेतला. वास आला तो खांद्याला चोळलेल्या बामाचा.

मग मिस्त्री आले. गेज त्यांनी पाहिलाही नाही. पार्किंग ब्रेक लावला, मागच्या चाकांना दगड लावले, मामांना बकेट जमिनीवर दाबायला सांगितली. पुढची चाकं उचलली गेली, परत टेकली, परत उचलली. मिस्त्री बाजूला उकिडवे बसून बॅटरीच्या उजेडात खालच्या पिनेकडे बघत होते. फट उघडत होती, मिटत होती. मग स्टिअरिंग डावं-उजवं, अगदी थोडं थोडं. मी वाकून बघायला गेलो, तर ओरडलेच, “साहेब, दोन चेसिसच्या मधे न्हाई जायचं! तिथं बोट न्हाई, अख्खा माणूस चेंगरतो. हितनं बघा. आधी कोण हलतंय?”

सिलेंडरच्या टोकाची पिन हलली असती, तर दोष तिचा. पण सिलेंडरनं जोर लावला की पुढची चेसिस आधी आडवी सरकत होती आणि मगच वळत होती.

“सेंटर पिन गेली. खालची.”

“शक्यच नाही. रोज सकाळी स्वतः ग्रीस मारतो मी!”

मिस्त्रींनी आत हात घालण्याआधी इंजिन बंद करून कमरेचा लॉक लावला. निपल सोयीसाठी बाहेरच्या बाजूला, तिथून बारीक पाइप पिनेपर्यंत. तो पाइप मधेच तुटलेला. माझी दोन वर्षांची सेवा आतल्या पट्टीवर खडीच्या धुळीत वारुळासारखी साचली होती. बुश अंड्यासारखा झालेला, चेसिसचं होलसुद्धा ओव्हल. वेल्डिंगनं भरून जागेवरच लाइन बोरिंग, नवी पिन, नवे बुश, शिम. बिल सांगत नाही.

काम चालू असताना मामांना विचारलं, “कधीपासून झुलत होता?”

“दिवाळीच्या आदीपासनं. तुमी हवा बघा म्हनला. बघितली. मंग दिवसभर हितं-तितं करत सरळ ठेवायचो. खांदा भरून यायचा, एवढंच.”

ते सांगत होते त्यात खट्ट नव्हतं, खड्ड नव्हतं, साधं वाक्य होतं. म्हणूनच बहुधा मला ऐकू आलं नव्हतं. वास घेतल्याचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

लोडर आता नाकासमोर चालतो. मामांचा हात मात्र सवयीनं अजून स्टिअरिंग हितं-तितं करतो, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला तो झुलतानाच दिसतो.