वेताळाचं खटलं

आजीनं ते पुस्तक मेलेली पाल उचलावी तसं दोन बोटांत धरलं. "आरं, अवसेच्या दिवशी वेताळ आणलास व्हय घरात?"

साल 1982. उस्मानाबादच्या एसटी स्टँडजवळ एक जण सुतळीवर धुणं वाळत घालावं तशी इंद्रजाल कॉमिक्स टांगायचा. दहा पैसे भाडं. मुखपृष्ठ गेलेलं असेल तर पाच. मी अर्थातच पाचवालं आणलं होतं. "आजी, हा तो वेताळ नाही गं," एवढंच बोललो आणि फसलो.

कारण आजीकडे वेताळांना तोटा नव्हता. एक वेशीबाहेरचा, शेंदूर फासलेला, अवसेच्या रात्री भुतांची पालखी घेऊन निघणारा. दुसरा विक्रम राजाच्या पाठीवर बसून पंचवीस गोष्टी सांगणारा. शेजारच्या कोकणातल्या मास्तरीणबाईंमुळे तिसराही ठाऊक झाला होता: आरवलीचा वेतोबा. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याला हातभर लांब चपला वाहतात.

"मग ह्यो चौथा कुणाचा?"

"अमेरिकेचा. ली फॉकनं काढलाय, 1936 ला. तिकडं फँटम म्हणतात."

आजीनं चष्मा चढवला. कवटीच्या आकाराची गुहा बघून नाक मुरडलं. हा ज्याला ठोसा मारतो त्याच्या जबड्यावर अंगठीतली कवटी कायमची उमटते, हे मात्र तिला पटलं. मग नजर अंगाला घट्ट बसलेल्या पोशाखावरून खाली आली आणि चड्डीवर थांबली. पट्ट्यापट्ट्याची. आमचा सालगडी हुबेहूब तसलीच घालायचा, फक्त धोतराच्या आत. आजी जरा सैलावली.

"लगीन झालंय का?"

"झालं की, 1977 मध्ये. डायनाशी. ती पहिल्या गोष्टीपासून आहे."

हिशेब मीच करून दिला. ती कडाडलीच. "एक्केचाळीस वर्सं पोरीला ताटकळत ठिवली? तिच्या घरची मानसं झोपली हुती का?" 1979 मध्ये किट आणि हेलॉईज अशी जुळी झाली, हे सांगितल्यावर राग निवळला. जुळ्यांपुढे आजीचं काही चालत नसे.

मग मी हुकमाचा एक्का काढला. हा वेताळ एकविसावा आहे! 1536 पासून बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, आणि जंगलातल्या लोकांना वाटतं हा मरतच नाही. मला वाटलं, आजी आता तोंडात बोट घालेल.

"त्यात काय? आपल्या गल्लीतलं वैद्य बघ की."

खरंच होतं. वैद्यांची तिसरी पिढी त्याच गादीवर, तीच काळी टोपी घालून बसायची. खेड्यातून येणारी म्हातारी माणसं नाडी दाखवता दाखवता म्हणायची, "वैद्यबुवा, तुमी कायबी बदलला न्हाई." नातू मान डोलवायचा आणि पुडी बांधायचा. चारशे वर्षांचा वेताळ त्या पुडीत बांधला गेला.

पुढं कळलं की वेताळाची रूपं आजीच्या यादीतही मावली नसती. मूळचा जांभळा, स्वीडनमध्ये निळा, इटलीत लाल. त्याच्या मुलखाचं नाव बेंगाला, ते आपल्याकडे इंद्रजालनं बदलून डेंकाली केलं. मला त्याचं नवल वाटलं नाही. धाराशिवचं उस्मानाबाद झालं ते सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अलीच्या नावावरून, आणि 2023 मध्ये पुन्हा धाराशिव झालं. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. आमच्याकडची काळी शेळी तेवढी अजून उस्मानाबादी. जातीचं नाव बदलायला तिनं अर्ज केलेला नाही.

इंद्रजाल 1990 मध्ये बंद पडलं. आजी त्याच्या आधीच गेली. शेवटपर्यंत अधूनमधून विचारायची, "त्या वेताळाचं पोरगं लागलं का रं कामाला?" नाही लागलं, आजी. बाप अजून निवृत्तच होत नाही.

त्या पाच पैशांच्या पुस्तकाची शेवटची दोन पानंही गायब होती. चाचे पकडले गेले का, हे मला आजतागायत माहीत नाही. कुणाच्या माळ्यावर मराठी इंद्रजालचा गठ्ठा असेल तर कृपा करून कळवा. पत्त्यावर धाराशिव लिहा नाहीतर उस्मानाबाद. पोस्टमन तोच आहे.