चालू स्थितीत निधन

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी जगभरातले कोट्यवधी लॅपटॉप वारले. वारले तेव्हा सगळे चालू होते. कुणावर पगाराची बेरीज चालली होती, कुणावर यूट्यूबचं कीर्तन लागलं होतं, कुणाची बॅटरी नुकतीच बदलून आणली होती. पण त्या दिवसापासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला सुरक्षेची फुकट अपडेट देणं थांबवलं, आणि ज्या यंत्रांना विंडोज ११ चालत नाही त्यांची नावं जिवंतांच्या यादीतून कमी झाली. असे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात निघू शकतात, असा अंदाज कॅनालिस या संशोधन संस्थेने २०२३ च्या अखेरीसच काढून ठेवला होता. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी होती. म्हणजे महाराष्ट्र दोनदा भंगारात काढला तरी हा आकडा भरत नाही.

आमचे शेजारी नाना जिल्हा परिषदेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतात. खिडकीसमोर सदेह उभा असलेला माणूस जिवंत आहे की नाही हे माणसाकडे बघून नव्हे, कागदाकडे बघून ठरतं, याची त्यांना सवय आहे. त्यामुळे स्वतःच्या लॅपटॉपचं प्रकरण त्यांना माझ्याआधी समजलं.

"म्हणजे याच्याही अंगठ्याचा ठसा उमटत नाही म्हणायचा," ते म्हणाले.

अगदी तसंच. विंडोज ११ च्या खिडकीवर टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप दाखवावी लागते. शिवाय प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. सातवी पिढी ऑगस्ट २०१६ मध्ये आली, आठवी ऑगस्ट २०१७ मध्ये. वर्षाच्या अंतराने जन्मलेली भावंडं. धाकटं हयात, थोरलं कैलासवासी. नियम तो नियम. पुढे मोजके अपवाद झाले, त्यांत सातव्या पिढीतल्या आय-७ ७८२०एचक्यू या प्रोसेसरचा दाखला मंजूर झाला. हा प्रोसेसर सरफेस स्टुडिओ २ या महागड्या संगणकात बसवलेला होता, आणि तो संगणक खुद्द मायक्रोसॉफ्टचा. हे ऐकून नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "साहेबांच्या घरचा दिसतोय," एवढंच म्हणाले. उभा जन्म जिल्हा परिषदेत काढलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही.

कंपनीने फसवलं असंही म्हणता येणार नाही. २०१५ साली विंडोज १० आलं तेव्हा तिथल्याच एका कर्मचाऱ्याने भर परिषदेत हे शेवटचं विंडोज असल्याचं सांगितलं होतं. नानांच्या लॅपटॉपपुरतं ते शेवटचंच ठरलं.

वारसांना मुदतवाढीची सोय मात्र आहे. घरगुती ग्राहकाला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट घेता येतात. त्यासाठी ३० डॉलर भरायचे, किंवा कंपनीचे १,००० रिवॉर्ड पॉइंट द्यायचे, किंवा आपल्या सेटिंग्ज कंपनीच्या खात्यात ठेवायला द्यायच्या. शेवटचा मार्ग फुकट आहे. पण फुकट म्हटलं की कुणी चौकशी करत नाही, आणि दिवाळी तर आठवड्यावर आलेली. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर बातमी शोधावी लागत होती, इतके लॅपटॉप. २२ सप्टेंबरला जीएसटी उतरला तो मोठ्या टीव्हीवर आणि एसीवर. लॅपटॉपवर आधी १८ टक्के होता, नंतरही १८ च राहिला. तरी दुकानावर बचत उत्सवाचा फलक होता. आम्ही उत्सवात सामील झालो.

"काका, यूज काय असतो तुमचा?" टाय लावलेल्या मुलाने विचारलं.

"वीजबिल भरतो. कीर्तन ऐकतो. सोसायटीचा जमाखर्च लिहितो. दुपारी पत्ते."

"मग तुम्हाला एआयवालाच लागेल."

एआयवाल्यात एनपीयू नावाचा आणखी एक मेंदू असतो. कोपायलट प्लस ही पाटी लावायची तर या मेंदूला सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करता आल्या पाहिजेत, अशी मायक्रोसॉफ्टची अट आहे. नानांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. "सोसायटीत सभासद चोवीस. त्यातले सहा थकबाकीदार. त्यांचं व्याज लावून झाल्यावर उरलेला सेकंद हा काय करणार?"

मुलाने हसून कीबोर्डवरचं नवं बटण दाखवलं. कोपायलटचं हे बटण जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं, तेव्हा विंडोजच्या कीबोर्डातला जवळजवळ तीन दशकांतला हा पहिला मोठा बदल असल्याचं सांगण्यात आलं. या लॅपटॉपवर ते बसवायला उजवीकडचं कंट्रोल उचललं होतं. बटण दाबलं की यंत्र अदबीने विचारतं, मी आपली काय मदत करू? नाना म्हणाले, "इथलं कंट्रोल कुठे ठेवलंस ते सांग."

मग रिकॉल. तुम्ही दिवसभर पडद्यावर काय काय पाहिलंत त्याची ही सोय दर काही सेकंदांनी छायाचित्रं काढून ठेवते, म्हणजे नंतर शोधता येतं. मे २०२४ मध्ये तिची घोषणा झाली आणि खासगीपणावरून इतका गहजब झाला की कंपनीला ती लांबणीवर टाकावी लागली. पुढे ती आली ती ग्राहकाने स्वतः चालू केली तरच चालेल, अशा बेताने. मी नानांच्या कानाशी लागून धोके सांगायला सुरुवात केली, पण त्यांचे डोळे चमकले होते. "म्हणजे माझा जीमेलचा पासवर्ड याला ठाऊक असेल? मग मला सांगेल का?"

मुलाने लॅपटॉप आडवा धरला. "एकदम स्लिम, काका." खराच बारीक झाला होता. सीडीची फट नाही, लॅनची नाही, मेमरी कार्डाची नाही. नेहमीचा पेन ड्राइव्ह जाईल अशी खाच कशीबशी एक. काढलेल्या सगळ्या खाचा हब नावाच्या डबीत भरून शेजारच्या काउंटरवर वेगळ्या विकायला ठेवल्या होत्या. या उपासाचा मान ॲपलला द्यायला हवा. २००८ साली स्टीव्ह जॉब्सने कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला, सभागृहाने टाळ्या वाजवल्या. आत सीडी ड्राइव्ह नव्हता. २०१६ च्या मॅकबुक प्रोमधून एचडीएमआय, मेमरी कार्डाची खाच आणि चुंबकाने चिकटणारा मॅगसेफ चार्जर असं तिन्ही गेलं. २०२१ च्या मॅकबुक प्रोमध्ये तिन्ही परत आलं, आणि पुन्हा टाळ्या. काढून घेतल्याचे एकदा पैसे, परत दिल्याचे दुसऱ्यांदा पैसे. हा व्यवहार आपल्या एकाही सहकारी संस्थेला अजून सुचलेला नाही, आणि आपल्या सहकारी संस्थांना काय काय सुचतं ते वाचक जाणतातच.

नानांच्या जुन्या लॅपटॉपचं पोट चार स्क्रू काढले की उघडायचं. रॅम कमी पडली की दुसरी पट्टी खोचायची. नव्याची रॅम बोर्डावरच डकवलेली. जन्मताना जेवढी मिळाली तेवढी. जुन्यात जागा १ टीबी, नव्यात ५१२ जीबी.

"पण हा फास्ट आहे, काका."

"म्हणजे निम्मे फोटो दुप्पट वेगाने दिसणार."

एक्स्चेंजमध्ये जुन्याचे बाराशे रुपये सांगितले. "चालू आहे म्हणून बाराशे," मुलगा म्हणाला. "बंद असता तर पाचशे." हयातीचा बाजारभाव सातशे रुपये निघाला. नानांनी बिल केलं, पण जुना लॅपटॉप काखेत मारून परत आणला.

खरा उत्सव घरी सुरू झाला. सोसायटीच्या गणेशोत्सवाचा अहवाल नाना वर्षानुवर्षं एकाच जुन्या मराठी फॉन्टात काढतात. युनिकोडच्या आधीचे हे फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या चौकटींत मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली. फॉन्ट गेला की चित्रं गळून पडतात आणि मागची अक्षरं उघडी होतात. नव्या लॅपटॉपवर अध्यक्षांचं मनोगत उघडलं तर टिंबं-मात्रा चढवलेली युरोपी अक्षरं आणि अधूनमधून पौंडाचं चिन्ह. नानांनी ते शांतपणे शेवटपर्यंत वाचलं. मूळ मनोगतापेक्षा फार काही वेगळं नाही, असं त्यांचं मत पडलं. तो फॉन्ट ज्या सॉफ्टवेअरबरोबर यायचा ते डाँगल लावल्याशिवाय चालत नाही. डाँगलचा ड्रायव्हर ३२-बिटचा, आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. प्रिंटरचंही तेच. म्हणजे अहवाल टाइपही होईना आणि छापूनही येईना. लॅपटॉप मात्र दहा सेकंदांत सुरू होत होता.

राहिले पत्ते. १९९० साली विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर आला. कंपनीत उमेदवारी करणाऱ्या वेस चेरी नावाच्या मुलाने तो लिहिला होता, आणि त्याला त्याचा एक छदामही मिळाला नाही. जाहिरातही नव्हती. हिरव्या पडद्यावर पत्ते लावा, डाव संपला की पत्त्यांचा धबधबा बघा. आता सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणाऱ्या यंत्रावर त्याच डावाच्या मध्ये जाहिरात येते, आणि जाहिरात नको असेल तर वर्गणी भरावी लागते. यंत्रं जितकी वेगवान होतात त्याहून जास्त झपाट्याने सॉफ्टवेअर सुस्तावतं, अशी तक्रार निकलाउस विर्थ या संगणकशास्त्रज्ञाने १९९५ मध्येच लिहून ठेवली होती. त्याच्या काळी डावात जाहिरात नव्हती, म्हणून त्याने इतक्या सभ्य शब्दांत लिहिली.

जुन्याचं काय झालं, ते सांगतो. नानांच्या भाच्याने तो नेला, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, रॅमची आणखी एक पट्टी खोचली आणि वर लिनक्स चढवलं. लिनक्स म्हटलं की अजूनही लोकांना हुडी घातलेला हॅकर आठवतो. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं त्यावरच शिकत आहेत. आणि ज्यांना विंडोजच हवं त्यांच्यासाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहे, दिल्लीचं नेहरू प्लेस आहे. तिथल्या अरुंद गाळ्यांत कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप धुऊन-पुसून पुन्हा कॉलेजच्या मुलांना विकले जातात. गाळेवाल्यांना १४ ऑक्टोबरची बातमी बहुधा कळली असेल. त्यांनी दुकानं काही बंद ठेवली नाहीत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी मेलेल्या यंत्राची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, ते चांगलंच झालं. चालत्या यंत्राला मेलेलं ठरवण्याची जबाबदारी कुणाची, यावर नियम गप्प आहेत.

तेव्हा वाचकहो, लॅपटॉप खरंच मोडला असेल तर नवा जरूर घ्या. नुसताच रेंगाळत असेल तर आधी एसएसडी बसवून बघा, काही हजारांत काम होतं. विंडोज १० असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन अपडेटच्या पानावर मुदतवाढीची ओळ दिसते का बघा. दिसली तर फुकटचा मार्ग निवडा. नवा घ्यायचाच ठरला तर रॅम १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नका, कारण नंतर बहुधा वाढवता येणार नाही. खाचा स्वतः मोजा. आपला प्रिंटर आणि मराठी फॉन्ट त्यावर चालतो का ते पैसे देण्याआधी विचारा, आणि जुना एक्स्चेंजमध्ये दिलाच तर डिस्क पुसल्याशिवाय देऊ नका. विक्रेता "फ्युचर प्रूफ" म्हणाला, तर कोणत्या सालापर्यंत ते बिलावर लिहून मागा.