शेठ, सळ्या दिसल्या!

आमच्या इमारतीचे कंत्राटदार शेठ यांस,
मुक्काम असेल तिथे.

स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात मोरीवरचा पोपडा पडला आणि तुम्ही स्लॅबमध्ये खरंच लोखंड घातलं होतं, याची खात्री पटली. काळाचौकीत उगाच तुमची बदनामी चालली होती. गंजून काडीएवढ्या झाल्यात, पण सळ्या आहेत! संशय घेतल्याबद्दल सगळ्या मजल्यांतर्फे माफी.

डिसेंबर 1985 तुम्ही कसा विसराल? काँग्रेसचं शताब्दी अधिवेशन मुंबईत भरलं होतं. राजीव गांधींनी सत्तेच्या दलालांना भर सभेत झोडपलं आणि त्याच मुक्कामात मुंबईच्या घरांसाठी 100 कोटी जाहीर केले. 37 कोटी धारावीच्या वाट्याला गेले. इकडे शहरात मोडकळीला आलेल्या चाळी पाडून 66 इमारती उभ्या राहिल्या. पंतप्रधान अनुदान प्रकल्प! गिरणी संपाने घरी बसवलेली आमची माणसं. त्यांना वाटलं, दिल्लीचा पैसा थेट जिन्याने वर आला. जिन्यात तुम्ही उभे होता, हे कुणी पाहिलंच नाही.

खोली मिळाली 180 चौरस फुटांची. संडास घरात आला म्हणून आई इतकी हरखली, की टेप लावायचं कुणाला सुचलं नाही.

जुनी चाळ साठ वर्षं उभी होती. पाडताना मजुरांना घाम फुटला. तुमच्या इमारतीने पस्तिशीतच टेकू मागितले. चाळीचं बर्मा सागवान कुठे गेलं, ते विचारत नाही. तुमच्याकडे त्याचा झोपाळा झाला असेल, तर कड्या कुरकुरतात का, तेवढं कळवा. ऑडिटवाल्या इंजिनियरने खांबावर हातोडी टेकवली, तर खांबच हातात आला. "रेती खाडीची होती का?" म्हणाला. म्हटलं, शेठना ठाऊक होतं, मालवणी माणसाला घर जरा खारंच लागतं.

पण खरी कमाल पुढेच आहे. ती चाळ 1940 पूर्वीची, म्हणजे 'अ' वर्ग उपकरप्राप्त. ती तशीच कुजू दिली असती, तर विकास नियंत्रण नियमावलीच्या कलम 33 (7) खाली बिल्डरांनी दारात रांग लावली असती. शेजारच्या चाळीचं तेच झालं. तिचा टॉवर आता आमचं ऊन खातो. आम्ही पडलो 'नव्या' इमारतीवाले! सरकारी पैशाने एकदा उद्धार झालेले, म्हणून त्या कलमात बसत नव्हतो. आमच्यासारख्यांसाठी शेवटी 33 (24) असं वेगळं कलम काढावं लागलं. दुर्लक्षित राहण्याचं भाग्य तेवढं तुम्ही आमच्याकडून हिरावलंत.

गणपतीत जरूर या. काळाचौकीच्या महागणपतीचं दर्शन घ्या, मग वर चहाला. मोरीच्या बाजूला मात्र बसू नका. आणि शक्यतो एकटेच या. आमच्या मजल्यावर पाहुणे दोन-दोन करून घेतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा
(सध्या मुक्काम चार टेकूंवर)