प्रोस्टेटला टोमॅटोची फोडणी

काय चाललंय काय हे? रात्री लघवीला किती वेळा उठतो हे कालपरवापर्यंत बायकोलाही न सांगणारे काका आता जॉगर्स पार्कच्या बाकावर बसून चारचौघांत स्वतःच्या पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्तचाचणीचा, आकडा सांगतात. तोही शेअरचा भाव सांगावा तसा! आणि आकड्यापाठोपाठ उतारा हजर. टोमॅटो खा, पण कच्चा नको हं, तेलात परतलेला. ग्रीन टी घे. ब्रोकोली घे. हळद घे, वर मिरपूड भुरभुरव. उभ्या जन्मात ज्यानं स्वतःचा पेला विसळला नाही, तो माणूस सुनेला फोडणी शिकवतोय! त्या बिचारीनं कोणाचं काय घोडं मारलं होतं?

टोमॅटोचं हे खूळ थेट हार्वर्डहून आलेलं, म्हणजे खानदानी. तिथल्या संशोधकांनी आरोग्यक्षेत्रातल्या सत्तेचाळीस हजारांवर पुरुषांच्या ताटात काही वर्षं डोकावून १९९५ साली जाहीर केलं, की आठवड्यात दहा किंवा जास्त वेळा टोमॅटोचे पदार्थ खाणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग पस्तीस टक्क्यांनी कमी दिसला. यादीत चक्क पिझ्झासुद्धा होता! आता नुसतं 'दिसला' म्हणजे 'टोमॅटोमुळेच' असं होत नाही, हे सांगायला कोणाला सवड आहे? पिझ्झा हे औषध ठरल्यावर शंका काढतो कोण? टोमॅटोतल्या लायकोपिनच्या गोळ्यांच्या बाटल्या निघाल्या. २००५ साली अमेरिकेच्या औषध-नियामक एफडीएनं पुरावे तपासले आणि गोळ्यांचा दावा झिडकारला. फार लाजिरवाणी गोष्ट. बाटल्या अजून खपतात.

पण टोमॅटो झाला गरिबाघरचा. खरा थाट डाळिंबाचा! २००६ साली कॅलिफोर्नियात शस्त्रक्रियेनंतर किंवा किरणोपचारानंतर पीएसए पुन्हा चढू लागलेल्या सेहेचाळीस जणांना रोज पेलाभर डाळिंबाचा रस पाजला. पीएसए दुप्पट व्हायला आधी पंधरा महिने लागत होते, ते म्हणे चोपन्नावर गेले. तुलनेला खोटा रस पिणारा गट? नव्हता. पण 'पॉम वंडरफुल' या रसवाल्या कंपनीला हर्षवायू व्हायचा राहिला. जाहिरातीत बाटलीच्या गळ्यात फास आणि शेजारी मृत्यूला गंडवण्याचं आवाहन! साडेतीन कोटी डॉलरचं संशोधन पाठीशी असल्याच्या बढाया. अखेर सरकारनं कंपनीला कोर्टात खेचलं, आणि २०१५ साली अपिलातही दावे फसवे ठरले. त्याच सुमारास खोट्या रसाशी रीतसर तुलना करणारी चाचणी झाली, तिच्यात डाळिंबाची काही जादू दिसली नाही. सोलापूरच्या बागायतदारानं यात काय बोध घ्यावा? काही नाही. त्याचं भगवा जातीचं डाळिंब तसंही गोडच लागतं.

याहून मसालेदार प्रकरण 'पीसी-स्पेस'चं. आठ वनस्पतींचं मिश्रण, शंभर टक्के नैसर्गिक, आणि पीएसए खरोखर धडाधड खाली! नव्वदच्या दशकात अमेरिकेतले रुग्ण त्यावर लट्टू. मग कोणीतरी चोंबडेपणा करून गोळी प्रयोगशाळेत फोडली. आत काय निघालं? रक्त पातळ करणारं वॉरफरिन, आणि डीईएस, म्हणजे कृत्रिम स्त्री-हार्मोन, प्रोस्टेटच्या कर्करोगावर डॉक्टर पूर्वी देत तेच! २००२ साली माल बाजारातून परत. औषधांना कंटाळून झाडपाल्याकडे गेलेली मंडळी चोरून औषधंच खात होती की हो!

आणि हळद? तिची तर आपल्याला घरच्या लेकीसारखी पाठराखण. पण लेक पोटातून रक्तात जायलाच तयार नाही. बेंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं, की सोबत मिरीतलं पायपरिन दिलं तर हळदीतलं कर्क्युमिन वीसपट शोषलं जातं. झालं! तेव्हापासून दुधात मिरपूड. इतकं करून प्रोस्टेटच्या रुग्णाचं आयुष्य त्यानं वाढतं का, असं विचारून बघा. व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढतील.

बरं, आपण तरी कोण लागून गेलो? नाकं मुरडतो, आणि रात्री ओट्याशी हळूच मिरीची डबी उघडतो. बायोप्सीची तारीख पुढे ढकलून गव्हांकुरांच्या रांगेत उभ्या राहिलेल्या गृहस्थांना मात्र हसवत नाही. त्यांना कोणीतरी हाताला धरून डॉक्टरकडे न्यायला हवं.

यात मजा अशी, की वनस्पतीतून आलेलं प्रोस्टेटचं खरं औषध आहे. यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल वेगळं काढून १९७१ साली त्याची रचना मांडणाऱ्यांत मनसुख वाणी होते, आपल्या नंदुरबारचे! त्याचं भावंड डोसेटॅक्सेल, युरोपातल्या यूच्या पानांतल्या द्रव्यापासून केलेलं, २००४ पासून पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर आहे. त्याची पोस्ट आली कधी तुमच्या ग्रुपवर? येईल कशी? ते शिरेतून घ्यावं लागतं, केस गळतात, पांढऱ्या पेशी घसरतात, आणि सुनेला काही शिकवता येत नाही.

बाकावर हे सांगून पाहिलं. यूची पानं चघळली तर हृदय बंद पडतं, हेही ठासून सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् उकळून घेतली तर?"