उणे एकशे सत्तावीस

मे महिन्यातल्या भर दुपारी, पुण्यात, आमच्या स्वयंपाकघराचं तापमान उणे १२७ अंश झालं.

"पंखा बंद करू का मग?" हिने विचारलं.

निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी नवं शिकावं म्हणतात, म्हणून मी आर्डुइनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणला. इटलीतल्या इव्रिया गावच्या एका बारवरून त्याला हे नाव पडलं, एवढी माहिती मात्र घरात दिली नाही. सोबत आला डीएस१८बी२० हा सेन्सर: स्टीलची बोटभर नळी आणि मागे तीन तारांची शेपटी. म्हटलं, कामाला लावण्याआधी परीक्षा घेऊ.

उणे १२७ हे तापमान नव्हतंच. सेन्सर सापडला नाही की प्रोग्रॅम हा आकडा दाखवतो. डेटाची तार आणि पाच व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लागतो. पिवळ्या, जांभळ्या, तांबड्या पट्ट्यांचा तो दाणा शेवटी चष्म्याच्या घरात सापडला. तो जोडला आणि घर ३६ अंशांवर आलं. उणे १२७चं हे खोटं मला आवडलं. हा सेन्सर उणे ५५च्या खाली मोजूच शकत नाही, म्हणजे 'मला माहीत नाही' हेच तो आकडा सांगत होता. पत्ता ठाऊक नसताना 'सरळ जा, मग डावीकडे' म्हणणाऱ्यापेक्षा 'चंद्रावर आहे' म्हणणारा परवडला.

दुसरं खोटं मात्र बेमालूम होतं. चहाच्या कपात नळी बुडवून बोर्ड सुरू केला. आकडा आला ८५. पटलं. वहीत टिपलं. मग ताकात बुडवून बोर्ड पुन्हा सुरू केला. पुन्हा ८५! वीज मिळाल्यापासून पहिलं मोजमाप पुरं होईपर्यंत त्याच्या पोटात ८५च असतात, आणि नीट मोजायला त्याला पाऊण सेकंद लागतो. मी तेवढाही थांबलो नव्हतो.

मग रीतसर कसोटी. बर्फ चुरला, थोडं पाणी घातलं, ढवळलं. शून्याऐवजी ०.१९. अर्ध्या अंशाची चूक त्याला माफ आहे, तरी दशांशाचा थाट केवढा! पाच मिनिटं पुढे असलेल्या घड्याळात बघून कुणी सेकंदही सांगावेत, तसा.

शेवटी खळखळ उकळतं पाणी. ९८.१२. म्हटलं, सापडली चोरी! पाणी १००ला उकळतं हे मी चौथीपासून जाणतो. प्रोग्रॅममध्ये दोन अंश मिळवले आणि समाधानाने झोपलो.

सकाळी पुन्हा बर्फात बुडवला, तर वितळणारा बर्फ दोन अंशांवर! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९८च्या आसपासच उकळतं. शंभर अंश समुद्रकाठचे.

बिचाऱ्याच्या नावावरच्या एका खोट्याला मी हसलो, दुसरं वहीत टिपून घेतलं. खरं बोलला, तेव्हा मात्र त्याला सुधारायला बसलो.

हिचं माहेर दादरचं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ही म्हणाली होती, "तुमच्या पुण्यात पातेल्यात डाळ शिजायला वेळ लागतो." मी तिलाही सुधारलं होतं. बत्तीस वर्षं झाली.

प्रोग्रॅममधले दोन अंश मी लगेच पुसले. हिला सांगायचा धीर अजून होत नाही.